टोकियो किती लांब? अप्पांची मोजणी

डॉक्टरांनी विचारलेला प्रश्न साधा होता. "प्रवास किती तासांचा आहे?"

मी तिकिटाचा कागद त्यांच्यापुढे सरकवला. जाताना मुंबईहून रात्री ८.१५ला निघायचं, नरिता विमानतळावर सकाळी ८.००ला पोचायचं. येताना नरिताहून सकाळी ११.१५ला निघून त्याच संध्याकाळी ५.४५ला मुंबई. डॉक्टर काही म्हणायच्या आत शेजारच्या खुर्चीतून अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, वजाबाकी केली.

"जायला पावणेबारा तास आणि यायला साडेसहा. म्हणजे जाताना चढ दिसतोय."

डॉक्टर हसले. अप्पा हसले नाहीत. भूमी अभिलेख खात्यात तेहतीस वर्षं भूकरमापक म्हणून काढलेल्या माणसाला दोन ठिकाणांमधलं अंतर जाताना एक आणि येताना दुसरं असतं हे गमतीतसुद्धा पटत नाही. तसं कुणी म्हटलंच तर ते लेखी अर्ज मागतात.

प्रश्न इन्शुलिनचा होता. अप्पांचं वय ७४, रोज रात्री दहाला एक इंजेक्शन. माझा भाऊ जपानात त्सुकुबाला नोकरीला आहे, त्याच्याकडे फेब्रुवारीत तीन आठवडे जायचं ठरलं होतं. डॉक्टर म्हणाले, "घड्याळातले तास नकोत. दोन डोसांमध्ये खरे किती तास जातात तेवढं काढा आणि मला फोन करा." इन्शुलिन सामानात न देता हातातल्या बॅगेत ठेवा, खालच्या सामानात ते गोठू शकतं, आणि सोबत माझी चिठ्ठी असू द्या, एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला बोलावलं.

खरं तर हे काम दहा मिनिटांचं होतं. अप्पांनी घरी येऊन पाठकोऱ्या कागदावर ते केलंही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, जो मिर्झापूरजवळून जातो. जपानची १३५ अंशांची, जो आकाशी गावातून जातो. फरक ५२.५ अंश, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे २१० मिनिटं, साडेतीन तास. जपानात उन्हाळ्यात घड्याळं पुढे करायची भानगड नाही, त्यामुळे हा फरक बारा महिने तोच. पावणेबारातून साडेतीन वजा केले की जायला सव्वाआठ तास. साडेसहात साडेतीन मिळवले की यायला दहा तास.

आणि डोस? जाताना मुंबईच्या घड्याळाने रात्री दहाचा विमानात घ्यायचा. दुसऱ्या दिवशीचा जपानच्या दहाला, म्हणजे आपल्याकडच्या संध्याकाळी साडेसहाला. मधे साडेवीस तास. परत येताना उलट, साडेसत्तावीस तास. विमान जोरात गेलं काय किंवा रमतगमत गेलं काय, या हिशेबाला फरक पडत नाही. मी फोन केला, डॉक्टरांनी दोन्ही दिवसांचं काय करायचं ते सांगितलं. (काय सांगितलं ते इथे लिहीत नाही. प्रत्येकाचं इन्शुलिन वेगळं, शरीर वेगळं. ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांनाच विचारावं.)

माझ्या लेखी विषय संपला. अप्पांच्या लेखी आत्ता कुठे मोजणीची तारीख लागली होती.

"साडेतीन तासांचं समजलं," रात्री जेवताना ते म्हणाले. "पण ते काढून टाकले तरी जायला सव्वाआठ आणि यायला दहा उरतातच की. पावणेदोन तासांचा फरक. तो कुठून आला?"

मी म्हटलं, वाऱ्यामुळे असेल. "असेल म्हणजे?" या प्रश्नावर मी लहानपणापासून गप्प बसत आले आहे.

दुसऱ्या दिवशी माझ्या लेकीच्या टेबलावरचा पृथ्वीगोल खाली आला. अप्पांनी शिवणाच्या डब्यातला दोरा घेतला, आधी विषुववृत्तावरून गुंडाळून मोजला, ९५ सेंटिमीटर भरला. मग मुंबईवर एक टोक बोटाने दाबून दोरा टोकियोपर्यंत ताणला. १६ सेंटिमीटर. विषुववृत्ताचा घेर ४०,०७५ किलोमीटर धरून त्रैराशिक मांडलं, उत्तर आलं पावणेसात हजार. मी इंटरनेटवर दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश घालून बघितलं तर साधारण ६,७९० किलोमीटर. चाळीसेक किलोमीटर कमी भरले होते. अप्पांनी गोल पुन्हा हातात घेतला. "या गोलावर एक मिलिमीटर म्हणजे बेचाळीस किलोमीटर. बोटाखालच्या गाठीतच गेले ते."

पण दोऱ्याने आणखी एक गोष्ट दाखवली, आणि तिथे आम्ही दोघंही अडकलो. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवली तर मुंबई ते टोकियो रेघ कोलकात्यावरून, चीनमधल्या कुनमिंगच्या आसपासून, शांघायवरून जाते. गोलावर ताणलेला दोरा मात्र पाटण्याजवळून भूतानवर चढला, तिबेटचा आग्नेय कोपरा कापून सिचुआनमध्ये उतरला आणि कोरियावरून जपानात शिरला. दोरा ताणलेला म्हणजे सर्वांत जवळची वाट तीच. नकाशावरची पट्टी शंभरएक किलोमीटरने लांबची. अप्पांना हे शिकलेलं आठवत होतं, पण गटाच्या बांधावर पृथ्वीचा गोलवा कधी आडवा येत नाही. पाच एकरांत पृथ्वी सपाटच असते.

मधल्या काळात तिकिटांचाही एक घोळ होऊन गेला, तो थोडक्यात सांगते. थेट विमान महाग पडत होतं म्हणून मी बदलीची तिकिटं शोधत होते. सिंगापूरमार्गे स्वस्त मिळत होतं. अप्पांनी दोरा लावला. मुंबई ते सिंगापूर ३,९२० आणि तिथून नरिता साडेपाच हजारांना थोडे कमी, मिळून सव्वानऊ हजारांवर. "नाशिकहून मुंबईला जायला कुणी कोल्हापूरला जातं का?" बँकॉकमार्गे साडेसात हजारांच्या पुढे. दिल्लीमार्गे मात्र जेमतेम ७,०५०. दिल्ली मुंबईपासून अकराशे किलोमीटर उत्तरेला, तरी एकूण वाटेत अडीचशेच्या आसपासच भर पडते, कारण जपानची खरी वाट उत्तरेकडेच झुकलेली आहे. हे मला नकाशा बघून कधीच सुचलं नसतं. शेवटी इन्शुलिन आणि गुडघे या दोन कारणांसाठी थेटच घेतलं.

नरिता हे टोकियोत नाही हेही तिकीट काढताना कळलं. ते शेजारच्या चिबा प्रांतात, शहराच्या मध्यापासून साठेक किलोमीटरवर. हानेदा विमानतळ शहराला चिकटून आहे. एका ठिकाणी अंतर ६,७३० दिसतं, दुसऱ्या ठिकाणी ६,७९०, यातलं बरंचसं गूढ एवढंच, की एकाने शहराच्या मध्यापर्यंत मोजलेलं असतं आणि दुसऱ्याने विमानतळापर्यंत. अप्पा म्हणाले, "चतुःसीमा न लिहिता क्षेत्र लिहिल्यासारखं आहे हे." आम्हाला त्सुकुबाला जायचं असल्यामुळे नरिताच सोयीचं होतं.

निघायच्या दिवशी अप्पांच्या खिशात एक वही होती. हिरव्या पुठ्ठ्याची, वर त्यांच्या अक्षरात "टिपण" असं लिहिलेली. मोजणीला गेल्यावर जागेवर काढलेल्या नोंदी ज्यात उतरवतात त्याला त्यांच्या खात्यात टिपण म्हणतात. मनगटावर दोन घड्याळं, डाव्या हातात भारताचं, उजव्यात जपानचं. सिक्युरिटीवाल्याने दोन्ही काढायला लावली. विमानात बसल्यावर सीटचा पट्टा बांधता बांधता म्हणाले, "आयुष्यभर प्लेन टेबल घेऊन फिरलो, प्लेन आज बघतोय." (प्लेन टेबल म्हणजे जागेवरच नकाशा काढायचं मोजणीचं टेबल.)

डाव्या बाजूच्या खिडकीची जागा होती. अप्पांनी पहिली नोंद केली, विमान मागे ढकललं गेलं ती, ८.२२. मग ते धावपट्टीकडे हळूहळू सरकत राहिलं, रांगेत थांबलं, पुन्हा सरकलं. चाकं जमिनीवरून उचलली तेव्हा ८.४९ झाले होते. सत्तावीस मिनिटं जमिनीवरच. तिकिटावरची वेळ ही दारापासून दारापर्यंतची असते. विमान जागेवरून हलल्यापासून पलीकडे जागेवर उभं राहीपर्यंतचा सगळा काळ तिच्यात येतो, त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. उभ्या विमानाच्या चाकांना जे ठोकळे लावतात त्यांच्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. हवेतला वेळ त्याहून कमीच भरतो.

दहाला अलार्म वाजला. इंजेक्शन घेतलं. खाली अंधारात दिव्यांचे पुंजके सरकत होते आणि समोरच्या पडद्यावर छोटं विमान नागपूर मागे टाकून कोलकात्याकडे निघालं होतं.

मी अप्पांकडे बघितलं, अप्पांनी पडद्याकडे. विमान पाटण्याकडे वळायला हवं होतं. ते वळलं नाही. कोलकाता, मग बांगलादेश, मग म्यानमारचा उत्तर भाग, मग कुनमिंग. भिंतीवरच्या नकाशावर पट्टीने मारलेली, आम्ही चुकीची ठरवून खोडलेली रेघ विमान इमानेइतबारे गिरवत होतं.

"हा पायलट नकाशावरून चाललाय," अप्पा कुजबुजले.

कारण मला माहीत होतं, कारण आदल्या आठवड्यात मी रात्री जागून वाचलं होतं आणि ते सांगायची संधी शोधत होते. विमानाच्या आतला हवेचा दाब अचानक गेला तर वरून मुखवटे पडतात, पण त्यातला प्राणवायू साधारण पाव तासच पुरतो. तेवढ्यात विमानाने तीन हजार मीटरच्या आसपास खाली यायचं असतं, जिथे माणसाला नुसत्या हवेवर श्वास घेता येतो. तिबेटच्या पठाराची सरासरी उंचीच साडेचार हजार मीटर. खाली यायचं तर जमिनीच्या आत जावं लागेल. म्हणून बहुतेक विमानं पठाराला वळसा घालून जातात. गंमत अशी की मुंबई ते टोकियो हा वळसा नेमका सपाट नकाशावरच्या सरळ रेघेशी जुळतो. घरी मी कोलकाता, कुनमिंग, शांघाय असे टप्पे जोडून बेरीज केली होती, ती ६,९००च्या जरा वर आली होती. दोऱ्यापेक्षा सव्वाशे-दीडशे किलोमीटर जास्त.

अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे मधे डोंगर आला म्हणून मोजणीची साखळी वळवून घेतली. एवढंच ना? आम्ही रोज हेच करायचो." माझ्या आठवडाभराच्या वाचनाची त्यांनी एका वाक्यात फाळणी करून टाकली.

चीनवर आल्यावर पडद्यावरचा वेग बघण्यासारखा झाला. भारतावर ताशी ९२० होता. तो १,००० झाला, मग १,०८०, आणि शांघायच्या आसपास १,१३०. विमानाचं इंजिन तेच, आवाज तोच. अप्पांनी दर अर्ध्या तासाने आकडा उतरवून घेतला आणि तीन वाजता (डावं घड्याळ) मला उठवलं. बाहेर उजाडत होतं. मुंबईत मध्यरात्र उलटून तीन वाजलेले आणि आमच्या खिडकीत केशरी पट्टा. पुढे डाव्या हाताला फुजी दिसला, पायथ्यापर्यंत बर्फ, बाजूला एकही डोंगर बरोबरीला नाही. अप्पा बराच वेळ बघत बसले. त्या पानावर वेगाची नोंद नाही.

चाकं टेकली तेव्हा उजव्या घड्याळात ७.२७. हवेतला वेळ ७ तास ८ मिनिटं. तिकिटावर सव्वाआठ तास, आणि दारापासून दारापर्यंत प्रत्यक्षात लागले ७ तास ४९. सात मिनिटं उशिरा निघूनही एकोणीस मिनिटं आधी पोचलो. वारा रोज सारखा नसतो म्हणून वेळापत्रकात जरा सैल हात ठेवलेला असतो. अप्पांच्या भाषेत, दोर ताणून बांधलेला नव्हता.

त्सुकुबा हे शास्त्रज्ञांचं गाव. जिकडे तिकडे संशोधन संस्था, रुंद रस्ते, त्यावर माणसं कमी. भावाला वाटलं होतं अप्पांना टोकियो बघायची घाई असेल. पण अप्पांनी वाऱ्याचा विषय काढला आणि त्याने कपाळावर हात मारला. "अप्पा, तो वारा सापडला तोच मुळी इथे. माझ्या घरापासून सायकलवर जाता येतं."

झालं असं होतं. त्सुकुबाजवळच्या तातेनो इथे उंचावरच्या हवेचा अभ्यास करणारी वेधशाळा आहे. तिचे पहिले संचालक ओइशी वासाबुरो. १९२०च्या दशकात ते हवेत फुगे सोडून दुर्बिणीतून त्यांचा माग काढत आणि फुगा किती वेगाने कुठे वाहत गेला यावरून वरचा वारा मोजत. हिवाळ्यात आठ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे प्रचंड वारा वाहतो हे त्यांच्या लक्षात आलं. आज ज्याला जेट स्ट्रीम म्हणतात तोच. जगाला कळावं म्हणून त्यांनी १९२६ साली हा अहवाल एस्परांतो भाषेत छापला. एस्परांतो ही सगळ्या जगाने एक भाषा बोलावी म्हणून मुद्दाम रचलेली भाषा, आणि ओइशी तिचे कट्टर पुरस्कर्ते. सगळ्यांना समजावं म्हणून लिहिलेलं जवळपास कुणीच वाचलं नाही. १९४४ साली टोकियोवर बॉम्ब टाकायला आलेल्या अमेरिकन विमानांना हा वारा आडवा आला तेव्हा बाकीच्यांना त्याची दखल घ्यावी लागली. जपानने त्याच वाऱ्यावर बॉम्ब बांधलेले कागदी फुगे पॅसिफिकपार अमेरिकेकडे सोडले, नऊ हजारांहून जास्त.

एका सकाळी आम्ही तिघं वेधशाळेच्या कुंपणाबाहेर जाऊन उभे राहिलो. साडेआठच्या सुमाराला आतून एक पांढरा फुगा सुटला. खाली दोरीला छोटी डबी लोंबत होती. ताठ वर गेला, थोडा रेंगाळला, आणि मग कुणीतरी ओढल्यासारखा पूर्वेला, समुद्राकडे निघून गेला. जगभरातल्या वेधशाळा असे फुगे एकाच ठरलेल्या वेळी, दिवसातून दोनदा सोडतात. तिथल्या सकाळच्या फुग्याची वेळ आपल्याकडे पहाटेची. पुढच्या विमानांचे मार्ग आणि इंधन ठरवताना हे आकडेही धरले जातात. अप्पांनी वहीत लिहिलं, "फुगा. दिशा पूर्व. ८.३४."

पण अप्पांचं खरं तीर्थक्षेत्र त्या गावात वेगळंच निघालं. जपानच्या सरकारी भूमापन संस्थेचं मुख्यालय त्सुकुबात आहे आणि तिच्या आवारात नकाशे आणि मोजणीचं संग्रहालय. तिथे आम्ही दोन वेळा गेलो, दुसऱ्यांदा डबा घेऊन. आतल्या जुन्या थिओडोलाइटपुढे, म्हणजे कोन मोजायच्या यंत्रापुढे, अप्पा ज्या मुद्रेने उभे होते ती मी विठोबापुढेच पाहिली आहे.

बाहेरच्या अंगणात जपानची मोठी प्रतिकृती केलेली आहे, एकास दोन लाख प्रमाणात. ती सपाट नाही. पृथ्वीचा जेवढा गोलवा तेवढाच तिला दिलेला आहे, त्यामुळे सगळं मिळून एखाद्या दोन मीटर उंचीच्या पसरट घुमटासारखं दिसतं, आणि त्यावर चढून चालता येतं. अप्पा चपला काढायला लागले, भावाने थांबवलं.

टोकियोवर उभं राहून अप्पांनी खिशातून जुनं होकायंत्र काढलं. "दोन लाखांनी भाग. मुंबई किती येते?"

६,७९० किलोमीटर भागिले दोन लाख. चौतीस मीटर.

"दिशा?"

ही मी घरूनच काढून आणली होती, कारण ती मलाच खरी वाटत नव्हती. नकाशा बघून कुणीही म्हणेल, मुंबई टोकियोच्या नैर्ऋत्येकडे. पण टोकियोत उभं राहून सर्वांत जवळच्या वाटेने निघायचं तर तोंड जवळजवळ सरळ पश्चिमेला करावं लागतं, उलट तीन-चार अंश उत्तरेकडे. अप्पांनी सुई बघितली. या भागात चुंबकसुई खऱ्या उत्तरेपासून साताठ अंश पश्चिमेकडे सरकलेली असते, तेवढी दुरुस्ती त्यांनी मनातच केली आणि पावलं टाकायला सुरुवात केली. त्यांचं पाऊल पाऊण मीटरचं, ते त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी पक्कं केलेलं आहे. घुमटावरून उतरले, गवतावर आले. पंचेचाळीस पावलं झाल्यावर थांबले, मागे वळून बघितलं आणि तिथेच उभे राहिले.

आम्हाला वाटलं साखर कमी झाली. मी बॅगेतलं ग्लुकोज काढून धावले.

"चुकलं," ते म्हणाले. "मी सपाट चाललो."

मग गवतावर बसून त्यांनी गणित केलं. या प्रमाणात पृथ्वीची त्रिज्या बत्तीस मीटर. चौतीस मीटरची वाट त्या गोलावरून जाते, म्हणजे एकसष्ट अंशांचा कोन. गोल इथे घुमटापाशी संपवला आहे, पण तो पुढे चालू आहे असं धरलं तर तो जमिनीखाली शिरतो. टोकियोपासून आडवं अंतर अठ्ठावीस मीटर आणि खोली सोळा मीटर. अप्पा उठून सहा-सात मीटर मागे आले आणि बुटाच्या टाचेने गवतावर खूण केली.

"इथे. सोळा मीटर विहीर खणली की मुंबई."

एक जपानी आजोबा नातवाला घेऊन हे सगळं बघत होते. अप्पांनी त्यांना वाकून नमस्कार केला, त्यांनीही केला. दोघांनीही एकमेकांना मोजणीवाला म्हणून ओळखलं असावं असं मला उगीचच वाटलं.

टोकियोही पाहिलं. निहोनबाशी पुलावर जपानच्या हमरस्त्यांची अंतरं जिथून मोजतात तो शून्याचा खुणेचा बिल्ला आहे. मूळ बिल्ला रस्त्याच्या मधोमध, वाहनांच्या खाली, पण त्याची प्रतिकृती कडेला लावली आहे. अप्पांनी नागपूरच्या झिरो माइलच्या खांबाची आठवण काढली आणि फोटो काढून घेतला. बाकीच्या टोकियोबद्दल त्यांचं मत असं की गर्दी शिस्तीची आहे.

परतीचा प्रवास उलट्या वाऱ्याचा. विमान ११.१५ला बरोबर हललं, ११.३८ला उडालं. पडद्यावरची रेघ जातानाच्या रेघेवरून गेली नाही, जरा उत्तरेला सरकून गेली. वाऱ्याच्या मुख्य धारेतून अंग चोरायला विमानं असं करतात. तरी जपान सोडल्यावर वेग ७१० होता आणि बराच वेळ तो ७५०च्या वर गेलाच नाही. जेवण झालं, एक झोप झाली, अजून चीनच. दिवसही संपेना. सूर्याच्या मागे मागे चाललो होतो, त्यामुळे खिडकीत तासन्‌तास तीच दुपार. जाताना चोरीला गेलेले साडेतीन तास असे एकेक मिनिट करून परत मिळत होते आणि कुणालाही ते नको होते.

मुंबईवर येऊन पुन्हा घिरट्या. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत, त्यामुळे संध्याकाळी आकाशात रांग असते. टेकलो तेव्हा डाव्या घड्याळात ५.५१. हवेत ९ तास ४३ मिनिटं.

टॅक्सीत कसाऱ्याच्या अलीकडे अप्पांनी वही काढली. "स्कॉलरशिपच्या परीक्षेत तुला नाव आणि प्रवाहाची गणितं यायची नाहीत, आठवतं?"

आठवत होतं.

वाट ६,९०० किलोमीटर धरली. जाताना सरासरी ताशी ९६७, येताना ७१०. दोन्हींची बेरीज करून निम्मी केली तर नावेचा वेग, वजाबाकी करून निम्मी केली तर प्रवाहाचा. नाव ८४०च्या आसपास, प्रवाह १३०च्या आसपास. परतीची वाट थोडी वेगळी होती आणि घिरट्याही त्यातच आल्या, तेव्हा हे आकडे ढोबळ, हे त्यांनी शेऱ्यात नोंदवलं. मग मला आणखी एक करून दाखवलं. वारा नसता आणि वेग सरळ ९०० असता तर जाऊन-येऊन १५ तास २० मिनिटं. तोच ९००चा वेग आणि १५०चा वारा धरला तर जायला ६ तास ३४, यायला ९ तास १२, एकूण १५ तास ४६. जाताना वारा जेवढं देतो त्याहून जास्त येताना काढून घेतो, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहतं.

"सव्वीस मिनिटांचा भुर्दंड," अप्पा म्हणाले. "मला वाटायचं फिट्टंफाट होत असेल."

पुढच्या आठवड्यात तपासणीला गेलो. साखरेचे आकडे ठीक होते. डॉक्टरांनी सहज विचारलं, मग, शेवटी प्रवास किती तासांचा झाला? अप्पांनी टिपण टेबलावर ठेवलं. आठ पानं, वेळा, वेग, दिशा, फुगा, विहिरीचं रेखाचित्र, शेरे. डॉक्टर पानं उलटत राहिले. बाहेर तीन पेशंट थांबले होते.

"हे मला फोटो काढून ठेवू द्या," ते म्हणाले. "जपानला जाणारे आणखी दोन पेशंट आहेत माझे."

अप्पांनी वही मिटून खिशात घातली. "नक्कल हवी असेल तर अर्ज करा. फी पडेल."